हवामानवाल्या बाईंची साक्ष

तुमची लेक डॉक्टरच्या खोलीत दार लावून काय बोलते, असं तुमच्या साहेबाने विचारलं, तर तुम्ही सांगाल का? घाईने नाही म्हणू नका. छातीभोवती पट्टा आवळलेला आहे, दोन बोटांना तारांचे चिमटे आहेत, तोंड कोऱ्या भिंतीकडे आहे आणि पाठीमागून अगदी मऊ आवाजात कुणीतरी विचारतंय. माहीत नाही म्हटलंत की यंत्राची सुई हलते, आणि सुई हलली की नोकरी हलते. तहान लागली तर पाणी मिळतं, नाही असं नाही. पण हात तारांत अडकलेले, म्हणून पेला विचारणाराच तुमच्या ओठांना लावतो. आता सांगा.

बाईंनी सांगितलं.

त्यांना सगळी वस्ती हवामानवाल्या बाई म्हणायची. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीखाली शिवणयंत्र, दाराशी छत्री. कुणाला गाद्या उन्हात घालायच्या असोत की गच्चीवर मांडव टाकायचा असो, जिन्यात बाईंना गाठून विचारायचं, "बाई, उद्याचं काय?" आणि बाई सांगायच्या, "दुपारनंतर ढग आहेत, सकाळीच उरकून घ्या." बहुतेकदा ते खरं ठरायचं. ठरणारच. घराबाहेर पडायच्या आधी बाई पेपरातलं हवामान पाठ करून निघायच्या.

कारण हवामानाशी त्यांचा तेवढाच संबंध. सकाळी त्या हवामान कार्यालयाच्या थांब्यावर उतरत, पुढच्या फाटकातून ओळखपत्र दाखवून आत जात, लांबलचक बोळातून मागच्या फाटकाने बाहेर पडत आणि रस्ता ओलांडून पाटी नसलेल्या एका करड्या इमारतीत शिरत. ते गुप्तवार्ता खातं. तिथे बसणारे त्याला नुसतं खातं म्हणतात. खात्यात बाईंचं काम ऐकायचं. कानावर यंत्र चढवायचं, दुसऱ्यांची टेलिफोनवरची बोलणी ऐकायची आणि शब्दन् शब्द टंकून काढायचा. कोण कुठे खोकला, तेही कंसात लिहायचं. भिंतीला कान असतात म्हणतात ना, त्या कानांना महिन्याच्या महिन्याला पगार असतो आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन.

नोकरीला लागल्यावर सुरुवातीचे काही आठवडे त्यांना एकच धडा होता. शिकवणारे एक वयस्क गृहस्थ जिन्यात, जेवताना, हात धुताना, कधीही मागून येऊन विचारायचे, "काय हो, काम कुठे करता?" आणि उत्तर द्यायचं, "हवामान कार्यालयात, नोंदी विभागात." जरा अडखळलं की पुन्हा. विचार करून उत्तर दिलं तरी पुन्हा. गृहस्थ म्हणायचे, "डोक्याने नाही, बाई. जिभेने. डोकं थकतं, जीभ थकत नाही." शेवटी एक दिवस बाईंना ठसका लागला असताना त्यांनी विचारलं, आणि बाईंनी ठसक्यातच बिनचूक उत्तर दिलं. तेव्हा पास झाल्या. नवरा मेला तो बायको ढगांची नोंद ठेवते असं समजूनच मेला. आईला, जावेला, लेकीच्या शाळेला, सगळ्यांना तेच सांगून ठेवलेलं. खोटं बोलतोय असं मग वाटेनासं होतं. तुम्ही रोज दात घासता तेव्हा दातांचा विचार करता का?

लेक मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात कामाला लागली, आणि मग काहीतरी बिनसलं. झोप उडाली, जेवण सुटलं. ती आपणहून मनाच्या डॉक्टरकडे जायला लागली. पहिल्यांदा कुठल्या तरी माणसाजवळ मन मोकळं केलं आणि घरी येऊन त्यातलं थोडं आईजवळही केलं. दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, मध्ये शेंगांची टोपली. लेक एक वाक्य बोलायची, दोन शेंगा सोलायची, पुढचं बोलायची. आईने मध्ये काही विचारलं नाही. तिला ऐकायचं कसं ते ठाऊकच होतं.

लेक काय बोलली ते इथे लिहिणार नाही. एकदा नको तिथे सांगून झालंय, तेवढं पुरे.

खात्यात दर काही वर्षांनी प्रत्येकाला त्या पट्ट्याच्या खोलीत बसवतात. त्याला तपासणी म्हणतात. बाईंची पाळी नेमकी त्याच सुमारास आली. देव मानता का, कुणाशी संबंध आहेत का, रात्री झोप लागते का, असले प्रश्न झाले आणि मग मऊ आवाज म्हणाला, "घरात कुणाला मनाचा काही त्रास?" बाई म्हणाल्या, नाही. सुई हलली असणार, कारण आवाज म्हणाला, "पुन्हा विचारतो." तीनदा पुन्हा विचारलं. मग पाणी पाजलं. मग परत विचारलं.

बाहेर आल्यावर साहेबांनी आपल्या खोलीत बसवून चहा दिला. साहेब म्हणजे बाईंच्या विभागाचे मुख्य, निवृत्तीला टेकलेले, सगळ्यांशी बापासारखे वागणारे. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. कर नाही त्याला डर कशाला?"

हे वाक्य ज्याने काढलं त्याला पोर नसावं.

दोन अदबशीर माणसं त्या डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन आली. काही घेतलं नाही, कुणाला दमदाटी केली नाही, नुसती चौकशी केली. नावं लिहून घ्यायला खिडकीशी बसणाऱ्या मुलीने ही गोष्ट पुढच्या वेळी लेकीच्या कानावर घातली. लेक घरी आली, पर्स खुंटीला लावली, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "आई, तू कुणाला सांगितलंस?"

आता त्या घरात हवामानाचं सोंग टिकण्यासारखं नव्हतं. बाईंनी पहिल्यांदा खरं सांगितलं. करडी इमारत, कानातलं यंत्र, पट्टा, पाणी, सगळं.

लेक रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तुझी चूक नाही. पण तू तिथे आहेस तोवर मी तुला काही सांगणार नाही. कारण तुला विचारतील, आणि तू सांगशील."

"नाही सांगणार."

"सांगशील, आई. सांगितलंस."

तिने डॉक्टरकडे जाणं सोडलं. घरात बोलणं उरलं ते मीठ दे, दूध संपलंय, विजेचं बिल आलंय, एवढं. दोन खोल्यांत दोन बायका, आणि मधल्या दारावर पडदाही नाही. रात्री पलीकडे कूस बदलल्याचा आवाज यायचा तेव्हा बाईंना कळायचं की ही जागी आहे. जन्मभर लोकांच्या श्वासांवरून मनातलं ओळखणारी बाई स्वतःच्या लेकीच्या खोलीबाहेर बहिरी होऊन बसली.

त्याच वर्षी सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेचं विधेयक सभागृहापुढे आलं. साधं विधेयक होतं, शाळेतल्या पोराला कळेल असं. सरकारी नोकराला त्याच्या घरादाराबद्दल, देवाधर्माबद्दल, दुखण्याबद्दल विचारायचं नाही. यंत्राला बांधायचं नाही. उत्तर दिलं नाही म्हणून शिक्षा करायची नाही. बस. शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना लागू. लेकीने पेपरात वाचलं आणि तो पेपर आईच्या ताटाशेजारी ठेवला. बऱ्याच दिवसांनी ती मिठाशिवाय काही बोलली. "हा कायदा झाला, तर बोलेन."

बाई दुसऱ्या दिवशी संघटनेच्या कचेरीत गेल्या. संघटनेचा सेक्रेटरी टपालखात्यातला, पत्रांवर शिक्के मारून मारून बोटं काळी झालेला आणि जिभेला हाड नसलेला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच दगड मारला. "म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांची दारं उघडलीत आणि आता स्वतःच्या दाराला कडी हवी?"

"हो," बाई म्हणाल्या. "कडी नसली की काय होतं ते माझ्याएवढं तुम्हाला नाही माहीत."

सेक्रेटरीने स्वतः उठून त्यांच्यासाठी खुर्ची पुसली.

त्याला असाच साक्षीदार हवा होता. कारण विधेयक अडलं होतं ते खात्यापाशी. बाकी कुठल्याच कार्यालयाची तक्रार नव्हती. खात्याचं म्हणणं एवढंच, की आम्हाला यातून वगळा. हे ते सभागृहात उभं राहून म्हणत नव्हते. खात्याची माणसं एकेका सभासदाच्या घरी जात. नीट इस्त्रीचे कपडे, हातात पातळशी बॅग, दार बंद, घटकाभर बोलणं. बाहेर पडेपर्यंत सभासद बदललेला. संघटनेच्या मेळाव्यात गळ्यात हार घालून घेतलेला एक सभासद असाच फिरला, तेव्हा सेक्रेटरी त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मला जे कळलंय ते तुम्हाला कळलं असतं, तर तुम्हीही हेच केलं असतं," सभासद म्हणाला.

"मग सांगा की."

"तेच तर सांगता येत नाही."

सेक्रेटरी परत आला तो जिन्यापासून शिव्या देतच. "पैसे खाऊन फुटला असता तर समजलो असतो. याला नुसतं कानात काहीतरी सांगितलंय. अहो, माणसाला गुपित द्या, तो फुकटात विकला जातो. लहान पोरासारखं तोंड झालं होतं त्याचं, खिशात बेडूक लपवल्यासारखं."

विधेयक तपासणाऱ्या सभागृहाच्या समितीने उघड सुनावणी ठेवली. खात्यातली एक कर्मचारी साक्ष देणार म्हटल्यावर सेक्रेटरीला वाटलं होतं खातं आकांडतांडव करेल. कसलं काय. खात्याने लेखी परवानगी दिली, की साक्षीपुरतं या बाईंनी आपण खात्यात काम करतो असं सांगायला हरकत नाही. साहेब स्वतः म्हणाले, "जा, मोकळेपणाने बोला. आम्ही काय शत्रू आहोत?" मांजर एवढं गोड बोललं की उंदराने दोनदा विचार करावा. पण केला नाही, ना बाईंनी ना सेक्रेटरीने. तयारीच्या नादात होते. सेक्रेटरीने संध्याकाळमागून संध्याकाळ समोर बसून उलटसुलट प्रश्न केले. पगार वेळेवर मिळत होता ना? मग तक्रार काय? देशापेक्षा लेक मोठी का? बाई एकेका प्रश्नाला अशी उत्तरं द्यायला लागल्या, की शेवटी तो म्हणाला, "आता मला तुमची भीती वाटते."

सुनावणीच्या सकाळी लेकीने आईच्या केसांना तेल लावून दिलं. तोंडाने काही बोलली नाही. पण बोटं सावकाश फिरवत होती, आणि बाईंना ते पुरेसं होतं.

दालनात मागच्या सगळ्या खुर्च्या आधीच भरलेल्या होत्या. सारखे बूट, सारखे भांग, मांडीवर घडी घातलेले पेपर. दरवाजा उघडण्याआधीच येऊन बसलेले. संघटनेची माणसं बाहेर बोळात उभी राहिली आणि शिपाई त्यांना म्हणाला, जागा नाही, नियम आहे. लेक चष्म्याच्या दुकानातून रजा काढून आली होती, तीही बाहेरच. बाईंना आत एकही ओळखीचा चेहरा दिसेना. म्हणजे ओळखीचे होते, पण ते सगळे खात्याचे.

शपथ झाली. समितीचे अध्यक्ष म्हातारे, कंटाळलेले, पण मनाने वाईट नसावेत. कागदाकडे बघत त्यांनी सगळ्यांना विचारतात तसं नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि मग तितक्याच कंटाळ्याने विचारलं, "काम कुठे करता?"

"हवामान कार्यालयात, नोंदी विभागात," बाई म्हणाल्या.

आपण काय बोललो ते त्यांना स्वतःला ऐकूही गेलं नाही. अध्यक्षांनीही मान न उचलता पुढे चला म्हणून हात केला. आणि बाई बोलायला लागल्या. तो पट्टा, ते चिमटे, तो पाण्याचा पेला. लेकीचं गुपित त्यांनी तिथेही उघडं केलं नाही, फक्त त्याचं काय झालं ते सांगितलं. म्हणाल्या, "मी लोकांची बोलणी ऐकते. हजारो ऐकली. आई आणि लेक बोलतात ना, तेव्हा अर्धं बोलणं उगाच असतं, भाजीचं, कपड्यांचं. ते उगाचचं बोलणं आमच्या घरातून गेलं. ते मला परत पाहिजे." एका सभासदाने चष्मा काढून पुसला. कान देऊन ऐकणारी माणसं कशी दिसतात ते बाईंना ठाऊक होतं. तशी तीन तरी माणसं त्या टेबलापलीकडे होती.

मग खात्याचा वकील उठला. दाढी नीट कातरलेली, आवाज मऊ. "अध्यक्षमहाराज, बाईंच्या दुःखाबद्दल आम्हाला आदरच आहे. फक्त एक विनंती. त्यांच्या साक्षीचं पहिलं उत्तर वाचून दाखवावं."

लेखनिकाने वाचलं.

अध्यक्षांनी प्रथमच मान वर केली. "बाई, तुम्ही हवामान कार्यालयात काम करता?"

"हो," बाई म्हणाल्या. मग तोंडावर हात नेला. "नाही. म्हणजे, तसं सांगायचं असतं."

मागच्या खुर्च्यांत कुणीतरी हसलं.

"शपथेवर तसं सांगायचं असतं?" अध्यक्ष म्हणाले.

"खात्याने त्यांना खरं सांगायची लेखी परवानगी दिलेली आहे," वकील म्हणाला. "तरीही एकदा नाही, दोनदा. मला बाईंवर आरोप करायचा नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की शपथेवर इतक्या सहज खोटं बोलू शकणारी माणसं यंत्राशिवाय ओळखायची कशी?"

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या असतील तुम्ही. ही त्याहून वरची तऱ्हा. खोटं शिकवणारे हे. जिन्यात गाठून, ताटावर बसू न देता शिकवणारे हे. ते चुकलं तर घरी पाठवू म्हणणारे हे. आणि शिकवलेलं पक्कं झालं, म्हणून बोट दाखवणारेही हेच. ज्या वाक्यावर बाई पास झाल्या, त्याच वाक्याबद्दल त्यांना बडतर्फ केलं.

बोळात सेक्रेटरी भिंतीला टेकून उभा होता. त्याला शिवी सुचेना, यावरून काय ते समजा. "सगळे प्रश्न विचारले मी तुम्हाला," एवढंच म्हणाला. "एवढा एकच नाही विचारला. कामाचं ठिकाण कोण चुकतं?"

लेक आईचा दंड धरून तिला पायऱ्या उतरवत होती. "ती चुकली नाही," ती म्हणाली. "तिने बरोबर उत्तर दिलं."

पेपरांनी चवीने छापलं. साहेबांचा निरोप आला नाही. वस्तीत सगळ्यांना कळलं. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात थांबवून म्हणाल्या, "म्हणजे बाई, आमच्या गाद्यांचं तुम्ही पेपरात वाचून सांगत होतात?" बाईंनी मान हलवली. काकू एक पायरी उतरल्या आणि परत वळल्या. "आणि टेलिफोन? आमचा कधी ऐकलात?" बाई नाही म्हणाल्या. खरंच ऐकला नव्हता. पण त्या दिवसापासून काकू टेलिफोन आला की दार लावून घेतात, आणि जिन्यात कुणी बाईंना उद्याचं काही विचारत नाही.

कायदा झाला. टाळ्या वाजल्या, सेक्रेटरीच्या गळ्यात त्याच फिरलेल्या सभासदाने हार घातला, आणि सेक्रेटरीने तो कचेरीत येऊन केराच्या टोपलीत टाकला. कारण कायद्याच्या अगदी शेवटी, माणूस वाचून वाचून दमतो त्या ठिकाणी, एक कलम आहे. हा कायदा गुप्तवार्ता खात्याला, सुरक्षेशी संबंध आहे असं सरकार ठरवेल त्या कोणत्याही कार्यालयाला, आणि त्यांच्या आजी व माजी कर्मचाऱ्यांना लागू नाही. कोणत्याही कार्यालयाला. दार उघडं दिसल्यावर कोण थांबतो? करखात्याने अर्ज केला, रेल्वेने केला, आणि मागोमाग हवामान कार्यालयानेही केला. ढगही आता देशाचं गुपित झाले. हसू येत असेल तर हसून घ्या. तुमचं कार्यालय त्या यादीत कधी जाईल ते तुम्हाला कळवायची तरतूद कायद्यात नाही.

बडतर्फीचा कागद आला त्या संध्याकाळी बाईंना उगाच हलकं वाटलं होतं. नोकरी गेली, निवृत्तिवेतन अर्धं झालं, पण पट्टाही गेला. त्यांनी लेकीला म्हटलं, "आता मला कोण विचारणार? आता बोल माझ्याशी."

लेकीने ते शेवटचं कलम तोपर्यंत वाचलेलं होतं. तिने आईचा हात हातात घेतला. "माजी म्हणजे कोण, आई?"

बाईंनी दुसऱ्या हाताने बडतर्फीचा कागद पुन्हा उघडला.

"अर्धं निवृत्तिवेतन चालू ठेवायचं तर बोलावतील तेव्हा जावं लागेल. लिहिलंय त्यात. त्या पैशाशिवाय भाडं भरता येणार नाही, तेही त्यांना माहीत आहे." मग जरा थांबून म्हणाली, "दूध तापवून ठेवलंय."

तेव्हापासून असंच आहे. बाई खिडकीखाली शिवणयंत्रावर शेजारपाजारच्यांचे कपडे उसवून परत शिवतात. लेक दुकानातून येते, आईसाठी कधी फळं आणते, कधी पाय चेपून देते. प्रेमात कमी नाही. पण रात्री पलीकडे कूस बदलते, आणि बाई अलीकडे जाग्या असतात. लेक परत डॉक्टरकडे जाते की नाही, तेही त्यांना माहीत नाही. त्या विचारत नाहीत. माहीत नसलेलं सांगता येत नाही, एवढीच एक कडी त्यांच्या हातात उरली आहे, आणि ती त्यांनी बाहेरून, स्वतःच्याच तोंडावर लावून घेतली आहे.

पण हातपाय गाळून बसलेल्या नाहीत. संघटनेने त्या कलमाविरुद्ध कोर्टात दाद मागितली आहे. अख्खं कलम पडेल अशी आशा सेक्रेटरीलाही नाही. भांडण आहे ते 'माजी' या एका शब्दासाठी. तेवढा शब्द गळला, तर नोकरी सोडलेल्या माणसाला त्यांना बोलावता येणार नाही, आणि मग त्या दोन खोल्यांतल्या एका बाईला आपल्या आईशी बोलता येईल. बाई पुन्हा शपथ घेणार आहेत. सेक्रेटरी हल्ली जिन्यात, रस्त्यात, कुठेही गाठून विचारतो, "काय हो, काम कुठे करत होतात?" कधीकधी अजूनही जीभ चुकते. तो पुन्हा विचारतो.

सुनावणी मंगळवारी आहे, उघड आहे, आणि दालनात जो आधी येईल त्याला खुर्ची मिळते. सारख्या बुटांची माणसं लवकर येतील. तुम्ही त्यांच्याहून लवकर या. घोषणा नकोत, फलक नकोत, बोलायचं तर मुळीच नाही. पुढून दुसऱ्या रांगेत बसा, बाईंना मान वर केल्यावर दिसाल असे, आणि त्यांची साक्ष संपेपर्यंत उठू नका.